उसना गाळ

दाजी परगावचं काम आटपून घरी आले तेव्हा त्यांच्या माशांच्या टाकीचा स्पंज गॅलरीतल्या दोरीवर वाळत होता. ताईच्या ब्लाउजशेजारी, दोन चिमटे लावून, मीच तो टांगला होता. उन्हात त्याचा निळा रंग काय खुलला होता! तो निळा आहे हे मलाही धुतल्यावरच कळलं होतं.

दाजींनी बूटसुद्धा काढले नाहीत.

"हे काय?"

"फिल्टरमधला स्पंज. तुम्ही फोनवर म्हणालात ना, पाणी हळू येतंय का बघ. उघडून बघितलं तर हा मळ! आधी गरम पाण्यात भिजवला, मग नळाखाली पिळून पिळून..."

मी शाबासकीसाठी जागा सोडून थांबलो. दाजींनी चिमटे काढले, स्पंज नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"मेहुणे," ते म्हणाले, "तुम्ही माझी सात महिन्यांची टाकी वाळत घातलीत."

एरवी ते मला 'अरे, तू' म्हणतात. 'मेहुणे' आणि 'तुम्ही' एकदमच आले, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंदा काचेचा. खिडक्यांची तावदानं, आरसे, शोकेस, काय म्हणाल ते कापून बसवून देतात. त्यांच्या बोटांवर इतके जुने चरे आहेत की हस्तरेषा बघणारा गोंधळून जाईल. उरलेली काच टाकून देणं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून ते तिची पेटी करतात, आणि पेटी झाली की त्यात पाणी भरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा पुढच्या खोलीत चार फुटी टाकी होती आणि उरलेल्या जागेत आम्ही.

पण टाकी बघण्यासारखी होती, हे मान्य करायला हवं. आत काळ्या मातीचा चढ, त्यावर आडवं पडलेलं एक वाळकं खोड, खोडाला दोऱ्याने बांधून वाढवलेलं शेवाळ. पुढे मोठ्या पानांची झाडं, मागे बारीक पानांची, आणि मधून मागे मागे निमुळती होत गेलेली वाळूची वाट. त्यामुळे हातभर रुंदीच्या टाकीत मैलभर लांबचं काहीतरी दिसायचं. खोडाच्या सावलीतून निळ्या-लाल रेघेचे नखाएवढे मासे घोळक्याने निघायचे, वळायचे, परत जायचे. दाजी लांब मानेच्या कात्रीने एकेक पान छाटत तासन्‌तास उभे असायचे. ताई म्हणायची, "ह्यांना खरं तर बायको काचेच्या पलीकडे हवी होती."

तरी ती गमतीत म्हणायची असं समजू नका. तिची शिलाईची दोन मशीनं घडी करून एक पलंगाखाली, एक दारामागे अशी ठेवलेली होती. शिवण शिकायला यायला मुली तयार होत्या, बसवायला जागा नव्हती. शेवटी दोघांचं ठरलं होतं. एक दातांच्या डॉक्टरीणबाई नव्या जागेत दवाखाना थाटत होत्या. बाहेर बसलेली पोरं आतल्या मशीनचा आवाज ऐकून रडतात, त्यांना बघायला काहीतरी हवं, म्हणून त्यांना टाकी पाहिजे होती. येत्या रविवारी त्या दाजींचं काम बघायला येणार होत्या.

"त्या हो म्हणाल्या, टाक्यांतून चार पैसे यायला लागले, तर खोली तुमची," ताई म्हणाली होती. "नाही म्हणाल्या तर टाकी विकायची आणि माझी मशीनं बाहेर काढायची. कुरकुर चालणार नाही."

"नाही करणार," दाजी म्हणाले होते.

आणि रविवार चार दिवसांवर असताना मी स्पंज धुतला होता.

झालं काय होतं, ते मला नंतर सांगण्यात आलं. त्या तपकिरी बुळबुळीत मळात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. माशांच्या घाणीतून जे विष पाण्यात उतरतं, ते हे जीव खातात, म्हणून मासे जगतात. नळाच्या पाण्यातलं औषध जंतू मारायलाच असतं. त्याला कुठलं कळतंय, हे आपले आणि हे परके. त्यातून कोणी वाचलेच असतील, तर त्यांना मी ऊन दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत कोणी दूध ओतल्यासारखं दिसत होतं. मासे घोळका सोडून पाण्याच्या वरच्या कडेला आले होते आणि तोंडं उघडमीट करत होते.

दाजींनी चहाला हात लावला नाही. झाडांच्या वाढीसाठी पाण्यात सोडायचा गॅस बंद केला. हवेचा पंप सोडला. त्याच्या बुडबुड्यांचा त्यांना मनापासून तिटकारा, "टाकी आहे की उकळणारं आधण?" म्हणायचे, पण सोडला. पिंपात साठवलेलं शिळं पाणी मी बादलीने आणून दिलं, त्यांनी थोडं थोडं करून बदललं. दुपारपर्यंत दोन मासे आडवे झाले. दाजींनी ते जाळीने उचलून कागदात गुंडाळले आणि माझ्याकडे न बघता माझ्याच हातात दिले. त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं.

"डॉक्टरीणबाईंना पुढच्या आठवड्यात बोलवा," ताई म्हणाली.

"सोमवारी त्यांचा दवाखाना सुरू होतोय. रविवारी नाही जमलं तर त्या बाजारातून प्लास्टिकची झाडं घेऊन मोकळ्या होतील."

"मग आता?"

"मुरलेला स्पंज पाहिजे. दुसऱ्या टाकीतला, जिवंत. तो आपल्या फिल्टरमध्ये टाकला तर यातलं काहीतरी वाचेल."

"मग सिस्टरकडून आणा की!"

दाजी काच पुसायला लागले. काच स्वच्छ होती.

सिस्टर म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. त्यांच्या घरी पाच टाक्या. खोडाला शेवाळ बांधायला दाजी त्यांच्याकडेच शिकले. पुढे दाजींनी स्वतःची पहिली मोठी टाकी सजवली आणि त्यांना कौतुकाने बघायला बोलावलं. सिस्टरनी चष्मा लावून टाकी इकडून तिकडे बघितली आणि म्हणाल्या, "छान! काचवाले, आता फक्त भांग पाडायचा राहिलाय." बघायला आलेले बाकी सगळे हसले. दाजींनी तेव्हापासून त्यांचा जिना चढलेला नव्हता. दुकानात जायचा सरळ रस्ता त्यांच्या दारावरून जातो, म्हणून दाजी मागच्या गल्लीने वळसा घालून जायचे.

"मी जाऊन आणतो," मी म्हणालो.

"नको. येताना धुशील."

टाकीतला आणखी एक मासा तिरका पोहायला लागला होता. दाजींनी त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीतून गल्लीकडे बघितलं, आणि झाकणाची बादली माझ्या हातात दिली. "चल. तोंड उघडू नकोस."

जिना चढताना ते दोनदा थांबले. दम लागण्याएवढा काही तो उंच नव्हता. दार सिस्टरनीच उघडलं. गळ्यात चष्मा, हातात ओला टॉवेल.

"अरे वा! भांग पाडायला आलात?"

दाजींचे कान लाल झाले. शेवटी मीच तोंड उघडलं.

"मी स्पंज धुतला."

"कशाने?"

"गरम पाण्याने. मग नळाखाली. मग... उन्हात ठेवला."

सिस्टर खुर्चीत बसल्या. "दोरीवर?"

"हो."

"चिमटे लावून?"

"दोन."

त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दाजी जिन्याकडे वळायच्या बेतात होते, तेवढ्यात सिस्टरचं हसू एकदम थांबलं. "गेले किती?"

"दोन," दाजी म्हणाले. आल्यापासूनचा त्यांचा हा पहिला शब्द. "एक जाईलसं वाटतंय. बाकी वर आलेत."

"मग दारात काय उभे राहिलात? बादली इकडे आणा."

सिस्टरनी सगळ्यात जुन्या टाकीचा फिल्टर उघडला. आतला स्पंज काळपट, चिकट, बघवत नव्हता. खरं सांगतो, माझे हात शिवशिवले. पट्ट्या कापायच्या कात्रीने त्यांनी तो मधोमध कापला.

"अर्धाच देते. सगळा दिला तर माझेच वर येतील." तुकडा टाकीच्याच पाण्यात बुडवून त्यांनी बादलीवर झाकण लावलं. "पण परत पाहिजे हं, काचवाले. नवा कोरा चालायचा नाही. असाच मळलेला आणून द्यायचा."

"देतो," दाजी म्हणाले. आणखीही काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. पण त्यांनी बादलीचं झाकणच पुन्हा दाबून बघितलं.

परतताना मी बादली अशी धरली होती की जणू आत बाळ झोपलंय. "हिंदकळू देऊ नकोस," दाजी दर दहा पावलांना म्हणत होते. कोपऱ्यावरच्या शिंप्याने विचारलं, "काय नेताय?"

"गाळ," मी म्हणालो.

"टाकायला?"

"नाही हो, उसना आणलाय."

तो अजून माझ्याकडे जरा विचित्र नजरेनेच बघतो.

घरी येताच दाजींनी तो तुकडा आमच्या फिल्टरमध्ये बसवला. तिरका पोहणारा मासा गेला. शनिवारी दुपारी ताई पोळ्या सोडून पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, बघा, खाली आले ना!" मासे खरंच खोडापर्यंत उतरले होते. जी टाकी गेली तर तिला खोली मिळणार होती, तिच्याकडे बघून ती हसत होती. मग हे तिच्या लक्षात आलं असावं. ती झटकन आत गेली.

रविवारी डॉक्टरीणबाई आल्या तरी पाणी पुरतं निवळलं नव्हतं. काचेवर कोणी श्वास सोडावा तसं धुकं होतं. ताईने दाजींना बाजूला घेतलं. "दिव्यामुळे असं दिसतं म्हणून सांगा. त्यांना काय कळतंय?"

दाजींनी बाईंसाठी स्टूल पुढे सरकवलं. बाई स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. वाळूच्या वाटेवर त्यांची नजर मागेपर्यंत गेली.

"सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "पाणी मात्र असंच गढूळ असतं का?"

ताई दाजींकडे बघत होती. मी जमिनीकडे.

"नाही," दाजी म्हणाले. "पाणी आजारी आहे. फिल्टर नको तसा धुतला गेला. तीन मासे गेले. अजून थोडे दिवस लागतील."

कोणी धुतला, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाई विचारात पडल्या. "माझ्याकडे सफाईला येणाऱ्या मावशी आहेत ना, त्यांना स्वच्छतेचं भारी वेड. त्या काही हात लावल्याशिवाय राहायच्या नाहीत."

"फिल्टरला कुलूप घालीन," दाजी म्हणाले. "किल्ली माझ्याकडे. आमच्याही घरी आता घालणार आहे."

बाई हसल्या, पण पूर्ण हो म्हणाल्या नाहीत. एवढी मोठी एकदम नको, आधी दोन फुटी करून द्या, सहा महिने नीट राहिली तर मोठीचं बघू, असं ठरवून गेल्या.

दार लागल्यावर दाजींनी ताईकडे बघितलं. ताईने खोलीकडे बघितलं.

"हे अर्धंच हो झालं," ती म्हणाली.

"हो."

"मग खोली अर्धी तुमची."

आणि तिने मला पलंगाखालचं मशीन ओढायला लावलं. दाजींनी दुसरं टोक धरलं आणि खरंच कुरकुर केली नाही. आता टाकीसमोर चार मुली बसून टीप मारायला शिकतात. मशीन सुरू झालं की मासे खोडामागे पळतात, थांबलं की बाहेर येऊन बघतात. चार फुटी टाकीचं पाणी आता इतकं निवळलंय की आत पाणी आहे ना, म्हणून नवी मुलगी हात लावून बघते.

फक्त सिस्टरचा अर्धा स्पंज द्यायचा राहिलाय. त्यांच्यासाठी दाजींनी फिल्टरच्या कोपऱ्यात नवा तुकडा मुरायला ठेवलाय. मधूनमधून कुलूप काढतात, तुकडा नाकाशी नेतात आणि म्हणतात, "अजून कच्चा आहे." मला तो चांगला काळा दिसतो, पण स्पंजाच्या बाबतीत या घरात माझं मत कोणी विचारत नाही.

परवा रस्त्यात सिस्टर भेटल्या. "काय रे चिमटेवाल्या, माझा मळ कुठाय?"

"मुरतोय. झाला की मी आणून देतो."

"तुझ्या हातचा नको. काचवाल्यांनाच वर पाठव."

घरी येऊन मी हे दाजींना शब्द न शब्द सांगितलं. ते म्हणाले, "बघू." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला निघाले, ते मागच्या गल्लीने.