तो पिऊन आला नव्हता

“वरचं मी बघतो.”

मैदानात तो एवढंच बोलायचा. कॉर्नर लागला की आमच्या गोलसमोर धांदल उडायची. कोच रेषेवरून ओरडायचे, गोलकीपर दोन्ही हातांनी माणसं लोटायचा, आणि हा मधोमध उभा राहून, घरात भाजी निवडत बसल्यासारख्या आवाजात सांगायचा, “वरचं मी बघतो. तुम्ही खालचं बघा.” मग चेंडू यायचा आणि त्याच्या कपाळावर आपटून आल्या वाटेनं परत जायचा.

तुमच्यापैकी जे तेव्हा येरवड्याच्या बाजूला रविवारचे सामने बघायला यायचे, त्यांना तो आठवत असेल. बहुतेकांना त्याचा शेवटचा सामनाच आठवत असेल, आणि तोच चुकीचा आठवत असेल. म्हणून हे लिहितो आहे. नाव लिहीत नाही. त्याच्या नावाचं माझ्या हातून एकदा जे झालं तेवढं पुरे.

मी तेव्हा क्लबचा सेक्रेटरी होतो. बँकेतून निवृत्त झालो होतो आणि घरात बसून बायकोच्या कामात चुका काढण्यापेक्षा मैदानावर बरं, असं तिचंच मत होतं. आमची पोरं मांजरासारखी चपळ, पण उंचीला सगळी बेताची. जमिनीवरून आम्हाला कोणी गोल करून दाखवावा! पण चेंडू हवेतून आला की संपलं. समोरचा एखादा ताडमाड गडी सावकाश उडी मारायचा आणि आमचे बॅक त्याच्या छातीशी घुटमळायचे. प्रेक्षकांतून आवाज यायचा, “अहो, स्टुलं द्या त्यांना!”

आमचे कोच फौजेतून आलेले. एकदा असाच हरल्यावर मला म्हणाले, “साहेब, खेळ मी शिकवतो. उंची तुम्ही आणा.”

झालं. मी पुण्यात उंची शोधत फिरू लागलो. बसमध्ये वरच्या दांड्याला डोकं लागणारा माणूस दिसला की त्याच्या शेजारी जाऊन उभा राहायचो. एक व्हॉलीबॉलवाला आणला, तो चेंडू डोक्याकडे आला की हात वर करायचा. एक आयटीतला मुलगा आणला, त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, “अंकल, हेडिंग कम्पल्सरी आहे का?”

हा मला सापडला बुधवार पेठेत. गणपती जवळ आले होते, गल्लीत मांडव उभा राहत होता, आणि एक माणूस शिडी न घेता, नुसते हात वर करून झालर बांधत होता. शेजारचा कारागीर शिडीवर होता, आणि दोघांची डोकी जवळपास एका पातळीत होती. मी खाली उभा राहून बघत राहिलो.

“काय काका, मांडव पडेल असं वाटतंय का?” त्यानं विचारलं.

“फुटबॉल खेळतोस?”

“लहानपणी खेळायचो. मग पोरं म्हणाली, तू आलास की गोलच दिसत नाही.”

तो येरवड्याचाच निघाला. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा. सगळं पुणं पालथं घालून मी शेजारचा माणूस आणला, यावर कोचनी मला बरेच दिवस सतावलं.

त्या मोसमात आमच्यावर कॉर्नरवरून गोल झालाच नाही म्हटलं तरी चालेल. कोचनी सगळा बचाव त्याच्याभोवती बांधला. बाकीच्यांनी फक्त जमीन राखायची. दुसरा उंच बॅक शोधायचं आमच्या डोक्यातून निघूनच गेलं, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. पण तेव्हा लोक माझी पाठ थोपटत होते. “सेक्रेटरींनी प्रश्न सोडवला,” म्हणत होते. मला ते फार आवडत होतं.

त्याची एक लकब होती. माझ्याशी बोलायचं असलं की तो क्लबच्या पायरीवरून खाली उतरून उभा राहायचा, म्हणजे मला मान वर करावी लागू नये. मी एकदा म्हटलं, “अरे, वर ये की.” तर म्हणाला, “असू द्या काका, इथून तुम्ही नीट दिसता.” आमच्या ठेंगण्या विंगरला गोल झाल्यावर तो खांद्यावर घेऊन मैदानभर फिरवायचा आणि खाली ठेवताना त्याचे केस नीट करून द्यायचा.

सामना जिंकला की पोरं कुठंतरी ‘बसायला’ जायची. हा बरोबर जायचा, पण लिंबू सोडा पिऊन परत यायचा. कोणी आग्रह केलाच तर हसून म्हणायचा, “आमच्या घरात पहिली चार शीलं आई बघते. पाचवं, दारूला न शिवण्याचं, बाबांच्या ताब्यात आहे. तिथं माफी नाही.”

ते खरंच होतं. त्याचे वडील महापालिकेत नोकरी केलेले, रविवारी विहारात वंदना घेणारे. आजोबांनी दारूपायी घर धुळीला मिळवलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. दारूला न शिवणं ही त्या घराची कमाई होती. मुलगा गणपतीच्या मांडवात काम करतो, फुटबॉल खेळतो, उशिरा येतो, यातल्या कशाबद्दल ते बोलत नसत. फक्त दारात आल्यावर त्याच्या तोंडाकडे एकदा नजर जायची. “वास घेत नाहीत,” तो मला म्हणाला होता, “खात्री असते त्यांना. तरी बघतात.”

सेमीफायनलला, सामना संपत आला असताना, एक उंच चेंडू आला. हा आणि त्यांचा फॉरवर्ड, दोघंही एकदम उडाले. डोक्यावर डोकं बसलं. नारळ दगडावर आपटल्यासारखा आवाज मला रेषेवर ऐकू आला. तो पडला, उठला, हात वर करून ‘ठीक आहे’ म्हणाला आणि शेवटपर्यंत खेळला. आम्ही जिंकलो. पोरं नाचत होती. तो मला पाण्याच्या टाकीमागे सापडला, भिंत धरून ओकत होता.

“काका, माणसं दोन-दोन दिसतायत.”

मी म्हणालो, “पित्त आहे. उपाशीपोटी उन्हात खेळलास.”

आपल्याकडे डोकं दुखलं, पित्त. उलटी झाली, पित्त. चक्कर आली, मग तर नक्कीच पित्त. मी स्वतः जन्माचा पित्तप्रकृतीचा. खिशात सूतशेखरची पुडी कायम. ती काढून दोन गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि कोकम सरबत घे म्हणून सांगितलं. त्यानं मान डोलावली. मी सांगितलं म्हणजे पित्तच असणार.

इथवरचं एक वेळ अडाणीपण म्हणता येईल. पण दुसऱ्या दिवशी तो माझ्या घरी आला. डोळ्यांवर हात धरून उभा होता.

“काका, उजेड सहन होत नाही. डॉक्टरांना दाखवून येऊ का?”

“दाखव ना. फायनल झाली की दाखव. मी येतो बरोबर.” आणि मग मी म्हणालो, “कोचना मात्र बोलू नकोस. ते तुला बसवतील. दुसरं आहे कोण आपल्याकडे?”

नुसतं पित्त असतं, तर मी ते कोचपासून लपवलं नसतं. इतकी वर्षं मी स्वतःला काय काय सांगून पाहिलं, पण हे एक वाक्य ओलांडून जाता आलेलं नाही.

फायनल तुम्ही पाहिली असेल. तो पहिल्यापासून उशिरा पोचत होता. चेंडू डोक्यावरून गेल्यावर उडी मारत होता. मग एक साधा कॉर्नर आला, आणि त्यानं तो आपल्याच गोलमध्ये मारला. मारला आणि हात वर केले, आपण वाचवलं अशा समजुतीनं. लोक हसले. थोड्या वेळानं तो चालता चालता झोकांडला आणि रेषेजवळ येऊन ओकला.

“टाकून आलाय रे!” कोणीतरी ओरडलं.

“लिंबू द्या त्याला, लिंबू!”

सगळं मैदान हसलं. लोकांना ते पटायला क्षणही लागला नाही. येरवड्याच्या वस्तीतला, मांडवावर काम करणारा माणूस; त्याच्याबद्दल दुसरं काही कोणाच्या मनात आलं नाही. कोच माझ्याकडे वळले. लाल झाले होते. “साहेब, हा पिऊन आलाय?”

मी म्हणालो, “मला काय माहीत?”

त्यांनी त्याला बाहेर काढलं. तो माझ्यासमोरून गेला. माझ्याकडे पाहिलं त्यानं. मी पंचांकडे बघत होतो.

दोन दिवसांनी त्याचे वडील माझ्या घरी आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. बसा म्हटलं, बसले नाहीत. बायकोनं चहा आणून ठेवला, त्याला हात लावला नाही.

“सेक्रेटरीसाहेब, तुम्ही तिथं होतात. एवढंच सांगा. पोरगा प्यायला होता का?”

उत्तर एका शब्दाचं होतं. पण तो शब्द उच्चारला की पुढं ‘मग काय झालं होतं’ हे सांगावं लागणार होतं. टाकीची भिंत, सूतशेखर, ‘कोचना बोलू नकोस’, सगळं. मी बँकेत आयुष्य घालवलेला माणूस. होही नाही आणि नाहीही नाही असं वाक्य मला झोपेतसुद्धा जमतं.

“अहो, तरुण वय आहे,” मी म्हणालो. “एवढं मनावर घेऊ नका.”

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. “म्हणजे होता,” म्हणाले. जय भीम घातला आणि जिना उतरून गेले.

मैदानावर तो पुन्हा आला नाही. मांडववाल्यानंही त्याला कामावरून बंद केलं. पिणाऱ्या माणसाला उंचावर कोण चढवणार? नाशिकला रंगकामावर गेला असं कानावर आलं. आम्ही पुन्हा कॉर्नरवर गोल खाऊ लागलो. कोचनी मला परत कधी उंची आणायला सांगितलं नाही.

याला आता पंधराएक वर्षं झाली. मी वारज्यात मुलाकडे राहतो. जुन्या खेळाडूंचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात मध्यंतरी त्याचे वडील गेल्याचं कळलं. सगळ्यांनी हात जोडले. आणि खाली एकानं लिहिलं, “तोच ना, फायनलला फुल होऊन आलेला?” त्याखाली हसणारी तोंडं. हसणाऱ्यांतल्या एकाला त्यानं खांद्यावर घेऊन फिरवलं होतं.

मी ग्रुपवर खरं काय ते लिहायला घेतलं आणि थांबलो. आधी ते जिथं सांगायचं तिथं सांगायला हवं होतं.

पुण्यानुमोदनाचा विधी होऊन, गर्दी ओसरली असेल असा अंदाज बांधून येरवड्याला गेलो. भित्र्या माणसाला गर्दी ओसरायची वाट बघायची सवय असते. घरात त्याची आई एकटीच होती, सतरंज्यांच्या घड्या घालत होती. तिनं मला ओळखलं. पाणी दिलं. मी पेला हातात धरूनच सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. ती रडेल किंवा मला हाकलेल, असं वाटलं होतं. तिनं सतरंजीची घडी पूर्ण केली.

“आमचा पोरगा त्याच रात्री म्हणाला होता यांना,” ती म्हणाली. “बाबा, डोक्याला लागलंय माझ्या. पित्त म्हणून गोळी दिली काकांनी. खोटं वाटत असेल तर काकांना विचारा. म्हणून तर हे आले होते तुमच्याकडं.”

त्यानं साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं होतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

“परत आल्यावर जेवले नाहीत. पोराला म्हणाले, पिलास ते पिलास, वर भल्या माणसाचं नाव घेतोस? त्याच्यानंतर बोलणं न्हाई दोघांचं. गेले तेव्हा आला, खांदा दिला, दुसऱ्या दिवशी गेला.” तिनं पदरानं चष्मा पुसला. “अजून ऊन लागलं की डोकं धरून बसतो तो.”

मग ती उठली, उशाखालचा मोबाइल घेऊन पलंगावर बसली. “मला सांगून काय उपयोग, भाऊ? त्याला सांगा.” आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तिनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

“बोल आई.”

“ते फुटबॉलचे काका आलेत.”

पलीकडे भिंत घासत असल्याचा आवाज येत होता. तो थांबला. मी सांगू लागलो. माफी मागितली की नाही, आठवत नाही, मागितली असावी. तो मध्ये ‘हं’सुद्धा म्हणाला नाही. मला वाटलं फोन कट झाला. आईनं स्क्रीन बघून मानेनं खूण केली, आहे, आहे.

मग तो बोलला, पण माझ्याशी नाही.

“आई, त्यांना म्हणावं, हे बाबांच्या फोटोपुढं सांगा. मी ऐकतो.”

फोटो भिंतीवर होता, तथागतांच्या मूर्तीच्या बाजूला, पांढऱ्या फुलांचा हार अजून पुरता वाळला नव्हता. ती पलंगावरून उठली आणि हात वर करून फोन फोटोच्या काचेशी धरून उभी राहिली. मीही उठलो. “तुमचा मुलगा त्या दिवशी प्यायला नव्हता,” मी म्हणालो, पण पुटपुटल्यासारखं.

“मोठ्यानं सांगा काका,” फोनमधून तो म्हणाला. “शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं.”