निळ्या कोटाची ओळ

मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. मास्तर कपडे शिवायचे. काजं-बटणं, इस्त्री आणि गिऱ्हाइकांची बोलणी काकूंकडे. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी भाचीचा जुना कॉम्प्युटर दुकानात आणला, आणि मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

कामांची यादी त्यांनी कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये, म्हणजे आखीव तक्त्यात, मांडली: प्रत्येक कपड्याची एक ओळ, शेजारी चौकोन. कपडा झाला की टिक करायची, म्हणजे ओळ हिरवी. काकूंनी पहिला चौकोन शेजारच्या सेलला, म्हणजे तक्त्यातल्या घराला, जोडला आणि तोच कॉपी करून खाली भराभर चिकटवला. मग हौसेने मास्तरांना बोलावून एका पँटवर टिक केली. अख्खी यादी हिरवीगार झाली की हो!

"पी हळद नि हो गोरी," मास्तर म्हणाले. "आता शिवायचं कशाला? अगं, तुझा निळा कोटसुद्धा तयार झाला."

तो कोट म्हणजे काकूंचं जुनं दुखणं. बहिणीने दिलेलं कापड कापून पडलं होतं, पण गिऱ्हाइकांपुढे घरच्या माणसाचा नंबर लागतोय कधी? दिव्याखाली अंधार, दुसरं काय. ती हिरवी ओळ बघून काकूंना फार वाईट वाटलं.

"शनिवारपर्यंत नीट झालं तर ठीक," मास्तरांनी बजावलं, "नाहीतर हे धूड भाचीकडे परत."

काकू हट्टाला पेटल्या. चौकोन कॉपी केला तरी त्याची जोडणी पहिल्याच सेलशी राहते, हे त्यांना कळलं. सगळे एकाच माळेचे मणी! एकेक जोडत बसायचं तर जन्म जायचा. भाचीने फोनवर सुरुवात करून दिली, पुढचा मॅक्रो, म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप करायच्या कामाच्या सूचना, काकूंनी स्वतः लिहिला. तो प्रत्येक चौकोनापाशी जाऊन बघायचा, बाबा रे, तू कुठल्या ओळीत बसलायस? आणि त्याला त्याच ओळीतल्या सेलला जोडायचा.

शुक्रवारी त्यांनी तो चालवला. एक टिक, एकच ओळ हिरवी. काकू बसल्या जागी नाचल्या.

शनिवारी दुपारी कपडे पोचवून आल्या, तर निळ्या कोटाची ओळ हिरवी. त्या तशाच कॉम्प्युटरपुढे बसल्या. घाईघाईने जोडणी तपासली, ती बरोबर होती. मग टिक केली कोणी?

"मला काय विचारतेस?" मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणाले. "कपडा झाला की टिक करायची, असं तूच सांगितलंस ना?"

मागे हँगरवर निळा कोट होता. बटणं तेवढी राहिली होती.

"मग झाला कुठे?" म्हणत काकूंनी टिक काढली आणि डोळे पुसून सुईत दोरा ओवला. बटणं लावून, कोट अंगात घालून मगच त्यांनी पुन्हा टिक केली. एकच ओळ हिरवी झाली.

"राहू दे तो कॉम्प्युटर," मास्तर म्हणाले.