मोडेमची तहान

पुंडलिकनगरचं निम्मं इंटरनेट माझ्या हातावर चालायचं. उरलेलं निम्मं माझा हात लागला की बंद पडायचं, ही गोष्ट वेगळी. आठवी नापास माणूस. खांबावर चढता येतं एवढ्यावर केबलवाल्याकडं लागलो अन् पुढं नेटचा टेक्निशियन झालो. दारोदार फिरणाऱ्याच्या झोळीत किस्से आपोआप पडतात. पण त्या एका उन्हाळ्यात पडले तेवढे कधीच नाय.

दुष्काळाचं वर्ष. नळाला आठ दिवसांनी पाणी, एरवी टँकर. अन् नव्या बिल्डिंगा तर चहूकडं, हर फ्लॅटला नेट पाहिजे. मालकानं नवे मोडेम आणले. त्यांच्या पोटातला प्रोग्रॅम, साहेब लोक फर्मवेअर म्हणतात तो, मुळातच बिघडलेला. मोडेम चालता चालता मान टाकायचा. कंपनी म्हणायची, गिऱ्हाइकाची वायरिंग खराब. शिव्या खायला मी.

*

शिव्या फुकट कशाला खायच्या? निवृत्त हेडक्लार्क कुलकर्णीकाकांना सांगितलं, दृष्ट लागलीय, मोडेमला लिंबू-मिरची बांधा. त्यांनी बांधली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर तपासायला आला. त्यानं रिपोर्टात लिहिलं, "ग्राहकाने उपकरणाला परस्पर जादा भाग जोडला आहे."

*

शेखभाई टेलरची नसरीन बी.कॉम. झालेली, हुशार पोरगी. तिला म्हटलं, उन्हाळ्यात मोडेमला तहान लागते, शेजारी पाण्याची वाटी ठेवत जा. ठेवली की तिनं, रोज ताजं पाणी, आठ दिवस.

मोडेम सुधरला नाय. खिडकीत दोन कबुतरं मात्र कायमची राहायला आली.

*

खरा शोध कुलकर्णीकाकूंनी लावला. चालू केल्यापासून बरोबर चाळीस मिनिटांनी मोडेम मरतो. काकू मंद गॅसवर हरभरे चढवायच्या अन् मोडेम बंद-चालू करायच्या. काकांचं मोबाईलवरचं कीर्तन थांबलं, की हरभरे शिजले!

मी तीन घरी घड्याळ लावून पाहिलं. चाळीस म्हंजे चाळीस.

*

अन् मग नसरीनचा पुण्याच्या कंपनीचा इंटरव्ह्यू ठरला. ऑनलाइन, सकाळी अकराला. शेखभाईंची नजर अधू झालेली, मशीनवर कापड टाकून ठेवलेलं. घर आता पोरीवरच. घरात मोबाईलला रेंज नाय. जे काय ते मोडेमवर.

मी मनापासून सांगितलं, अकराला दोन मिनिटं कमी असताना बंद करून चालू कर, पुढं चाळीस मिनिटं हलणार नाय.

"चाचा, या वेळेस शेजारी काय ठेवू? बिर्याणी?"

मी आईची शपथ घेतली. शेखभाई म्हणाले, ही शपथ हा रोजच घेतो. शेवटी दुसरा इलाज नव्हता म्हणून तिनं ऐकलं, अन् मी घड्याळ घेऊन दारात बसलो. पस्तीस झाली. सदतीस झाली. साहेबाचे प्रश्न संपेनात. मी एक डोळा घड्याळावर ठेवला, एक मोडेमच्या दिव्यांवर.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला आतून "थँक्यू सर" ऐकू आलं. पाठोपाठ मोडेमचे दिवे विझले. शेखभाईंनी मला पाणी दिलं. त्या उन्हाळ्यात पाणी देणं म्हंजे लई झालं.

*

पुढच्या आठवड्यात कंपनीनं गुपचूप नवा प्रोग्रॅम पाठवला. सगळे मोडेम सुतासारखे सरळ. मीही सुटलो, गल्लीही सुटली. तक्रार एकच आली, कुलकर्णीकाकूंची.

"तुम्ही नेट दुरुस्त केलंत, अन् माझं पातेलं जळालं."

*

महिन्याभरानं नसरीनला नोकरीचं पत्र आलं. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. म्हटलं, आयुष्यात एकदाच खरं बोललो, ते तुझ्या कामी आलं. पेढे आण.

ती आत गेली. बाहेर आली ती वाटी घेऊन, रिकामी. माझ्या हातात दिली.

"चाचा, टँकरचं पाणी आठ दिवस पाजलं तुमच्या मोडेमला. आधी ही आठ वेळा भरून आणा, मग पेढे."