देवालाही ठरवता येईना

बी.ए. झाले आणि माझी वाट लागली. नापास झाले असते तर ऑक्टोबरला परत बसायचं हे ठरलेलं होतं. पास झाल्यावर काय करायचं ते मात्र कोणी सांगून ठेवलं नव्हतं.

त्याआधी कसं छान चाललं होतं! शाळा कुठली, तर घराजवळची. कॉलेज घाटकोपरला, कारण तिथे नंबर लागला. विषय इतिहास, कारण मैत्रिणीने घेतला. आयुष्यात स्वतःच्या मनाने मी काही केलं असेल तर एकदा बॉयकट, आणि त्यानंतर आई आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. अशा मुलीला बाबांनी निकालाच्या दिवशी पेढा भरवला आणि म्हणाले, "आता तू शिकलीस. पुढचं तूच ठरव." आमच्या चाळीतल्या बाकीच्या मुली बाप आपलं ऐकत नाही म्हणून रडायच्या. माझा बाप ऐकायला तयार होऊन बसला होता आणि माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. इतका राग आला मला त्यांचा!

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. आम्ही विक्रोळीला चाळीत राहायचो, दोन खोल्यांत. बाबा आधी गिरणीत होते, मग विक्रोळीतल्याच एका कारखान्यात लागले. घरात आई, बाबा आणि मी. म्हणजे कोणाच्या तरी पाठीमागे लपावं, तर तेवढीही माणसं नव्हती.

मी काय काय नाही केलं! टायपिंगचा क्लास लावला, पहिल्या ओळीपर्यंत बोटं पोचली आणि सोडला. एका मैत्रिणीचा भाऊ चारकोपला कसलासा छोटा कारखाना काढत होता, त्याला हिशेब बघायला कोणीतरी हवं होतं. मी म्हटलं, विचार करून सांगते. मी विचार करेपर्यंत त्याने कारखाना काढला, चालवला आणि दुसऱ्याला विकला. मग कोणीतरी म्हणालं, गोरेगावच्या स्टुडिओत सिनेमाच्या गर्दीत उभं राहायला मुली लागतात. जायला हरकत नव्हती, पण साडी नेसू की पंजाबी ड्रेस घालू ते ठरेना. शेवटी घरच्या मॅक्सीत बसून राहिले. आईने भाजीला पाठवलं तर कोबी घेऊ का फ्लॉवर करत रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. आई म्हणायची, "हिला सासरी पाठवलं तर दारात माप ओलांडताना उजवा पाय का डावा म्हणून तिथेच उभी राहील मेली."

आणि मग एका आठवड्यात दोन्ही गोष्टी एकदम येऊन पडल्या. विक्रोळीतल्याच एका कंपनीच्या ऑफिसात मी अर्ज केला होता, तिथून बोलावणं आलं. कायमची नोकरी, कॅन्टीन, घरापासून चालत. सोमवारी सकाळी हजर व्हा. आणि घाटकोपरच्या बी.एड. कॉलेजात माझं नाव दुसऱ्या यादीत लागलं. सोमवारी सकाळीच प्रवेश घ्या, नाहीतर जागा गेली. म्हणजे नोकरी धरली तर बी.एड. बोंबललं, आणि बी.एड. धरलं तर नोकरी. हातात शनिवार आणि रविवार.

शुक्रवारी मी म्हटलं नोकरी. शनिवारी सकाळी म्हटलं बी.एड. शनिवारी दुपारी म्हटलं, दोन्ही ठिकाणी जाते आणि सांगते की मला ताप आहे. बाबांना विचारलं की ते एकच म्हणायचे, "तू ठरव, बाय." मी चिडून म्हटलं, "बाबा, तुम्ही बाप आहात ना? मग सांगा ना काहीतरी!" ते पेपरात डोकं घालून बसले.

त्या वेळी आमच्याकडे गावाहून बाबांचे चुलतभाऊ आले होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला. ऑपरेशन झालं होतं आणि काका एका डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी बांधून खाटेवर बसलेले असायचे. दुसऱ्या डोळ्यानेही त्यांना फारसं दिसत नव्हतं, पण ऐकू भलतंच चांगलं यायचं. माझी शनिवारची सगळी रडकथा त्यांनी ऐकली आणि संध्याकाळी जाहीर केलं, "उद्या कौल लावूया."

आमच्या गावाकडे कौल लावल्याशिवाय कोणी काही करत नाही. देवळात देवाच्या पाषाणावर गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवाला प्रश्न घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्न, घर, कोर्टकचेरी, सगळं त्यावर ठरतं. आता विक्रोळीत ना पाषाण, ना गुरव. पण आमच्या देव्हाऱ्यात गावच्या देवाचा काचेच्या फ्रेममधला फोटो होता. काका म्हणाले, "चलता. देव काय फोटोत नसता?"

मला तर हायसंच वाटलं. सुटले बाई एकदाची! देवावर सोडलं की आपली जबाबदारी संपली. रात्री मी इतकी गाढ झोपले की आईने हलवून उठवलं.

पण एक लोचा होता. महिना आषाढाचा, दिवस रविवारचा. पुढच्या आठवड्यात श्रावण लागणार म्हणून बाबा सकाळीच रांगेत उभे राहून मटण घेऊन आले होते. आईने ते आलं-लसूण लावून मुरत ठेवलं आणि काका गरजले, "कौल होयसर कोणी जेवचा नाय!" म्हणजे कौल होईपर्यंत जेवण बंद, मटण शिजवायचंही नाही. आई म्हणाली, "भावोजी, होऊन होऊन किती वेळ होईल? अर्ध्या तासाचं काम." काय बोलून गेली बिचारी!

अंघोळी झाल्या. दाराबाहेर डालड्याच्या डब्यात तगर होती, तिच्या दोन पाकळ्या काढल्या. काकांना दिसत नसल्यामुळे आईने त्यांचा हात धरून पाकळ्या फोटोवर चिकटवल्या, एक इकडे, एक तिकडे. मग काकांनी असं खणखणीत गाऱ्हाणं घातलं की चाळीतले लोक गॅलरीत जमा झाले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई, बाबा, मी आणि गॅलरीतली निम्मी चाळ.

"ह्या आमच्या चेडवाक काय करूचा ता समजना नाय!"

"व्हय म्हाराजा!" गॅलरीतून जरा जास्तच जोरात आलं.

"नोकरी धरूची असात तर उजवी पाकळी पाड, मास्तरीण होवची असात तर डावी पाड, आणि काय ता आजच्या आज सांगून मोकळो हो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेजारच्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या पालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, आणि त्यांच्या घरी देव्हारा नव्हता, बुद्धाची मूर्ती होती. त्या म्हणाल्या, "आमचे बुद्ध असलं काही पाडत-बिडत नाहीत हां. तुझं तू बघ म्हणतात." आणि मग त्यांनीच विचारलं, "पण उजवी म्हणजे कोणाची उजवी? देवाची का बघणाऱ्याची?"

झालं! यावर अर्धा तास भांडण. आई म्हणाली आपली, काका म्हणाले देवाची. काकांना दोन्हींतली एकही दिसत नव्हती, पण आवाज त्यांचाच मोठा. शेवटी देवाची उजवी ठरली. मावशींनी बुद्धांचं म्हणणं बाजूला ठेवून दारातच स्टूल टाकलं.

आणि मग आम्ही वाट बघत बसलो.

पाकळी वाळली की पडते. गावच्या देवळात पडतही असेल. पण आषाढातल्या विक्रोळीत? जिथे दोरीवरचे लंगोट आठवडाभर वाळत नाहीत, तिथे पाकळी कसली वाळते! दहा वाजले, अकरा वाजले. दोन्ही पाकळ्या काचेला अशा चिकटून बसल्या होत्या की देवालाच मिशा आल्यासारख्या दिसत होत्या. गॅलरीतले लोक कंटाळून जेवायला गेले. त्यांच्या घराघरांतून मटणाचे वास येऊ लागले आणि आमचं मटण कच्चंच मुरत पडलेलं.

उपाशी माणसं काय थराला जातात बघा. आईला माझी नोकरी हवी होती, कारण नोकरीवाल्या मुलीला स्थळं चांगली येतात. तिने "काय बाई उकडतंय" म्हणत पंखा पाचावर केला आणि देवाच्या उजव्या बाजूची खिडकीही उघडली. काकांना मी मास्तरीण व्हायला हवी होते, गावच्या शाळेत कोणी टिकत नव्हतं म्हणून. ते पंख्याच्या वाऱ्यात आडवे येऊन बसले आणि "थंडी वाजता" म्हणाले. मावशी मध्येच आत येऊन फोटोसमोर शिंकल्या. म्हणाल्या, आपोआप आली. पण शिंक येताना मान इतकी वळवून कोणी शिंकतं का? मी पण एकदा नमस्काराच्या निमित्ताने वाकले आणि फुंकर मारायला ओठ पुढे केले, पण कुठल्या बाजूला मारायची तेच ठरेना. तशीच उठले.

दुपारी दोनपर्यंत सगळ्यांचा जीव गेला. काका बसल्याबसल्या घोरायला लागले, आई जमिनीवर आडवी झाली, मावशी "काही पडलं तर हाक मारा" सांगून घरी गेल्या. मी गॅलरीत गुडघ्यात डोकं घालून बसले आणि पहिल्यांदाच खरंखुरं रडू आलं. हसू नका. एकवीस वर्षांची घोडी, आणि उद्या सकाळी घरातून बाहेर पडल्यावर डावीकडे वळायचं का उजवीकडे ते मला माहीत नव्हतं. देवानेसुद्धा हात टेकले होते. माझं काही होणारच नाही, असं मला त्या वेळी अगदी मनापासून वाटलं.

पाणी प्यायला आत गेले, तर देव्हाऱ्यासमोर बाबा पाठमोरे उभे. हळूच काहीतरी करत होते. ते वळले तेव्हा दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या आणि बाबांच्या बोटाला भाताचं शीत लागलेलं होतं. काल रात्रीच्या भाताचं.

मी बघतच राहिले. आमच्याकडे पाकिटं शितानेच चिकटवायचे. मला कळायला वेळ लागला नाही.

"बाबा! पाकळी पडली?"

"हळू बोल."

"कुठली पडली?"

"सांगत नाही."

"बाबा, असं काय करता? कुठली पडली ते सांगा ना!"

बाबांनी मला मोरीपाशी ओढलं. ते कधी फार बोलणारे नव्हते. म्हणाले, "सातवीत मी तालुक्यात वर आलो होतो. मास्तर म्हणाले, पोराला माझ्या घरी ठेवतो, पुढे शिकवतो. माझ्या बापाने कौल लावला. डावा आला. आठ दिवसांनी मी बोटीत बसलो आणि गिरणीत लागलो."

मला हे माहीत नव्हतं. घरात कधी कोणी बोललं नव्हतं.

"रागावू कोणावर?" बाबा म्हणाले. "बापाने देवाचं ऐकलं. मास्तरांचा काही दोष नाही. आणि देवावर कसं रागवायचं? इतकी वर्षं तो राग तसाच आहे गं. कुठे ठेवायचा तेच कळलं नाही. तू नोकरी धर नाहीतर शीक, मला दोन्ही चालतं. पण चुकलं तर तुझं चुकू दे, बाय. देवाचं नको."

मी तोंडात पदर घालण्यासारखी मुलगी नव्हते, पण ओढणी घातली. मग डोळे पुसले आणि बाहेर जाऊन ओरडले, "मी नोकरी धरते!"

का धरते म्हणाले, ते आजही मला नीट सांगता येणार नाही. तोंडात आलं आणि बाहेर पडलं, पण माझ्याच तोंडात आलं. काका दचकून जागे झाले. "कौल झालो? उजवो झालो? देव काय म्हणालो?"

बाबा अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले, "देव म्हणाला, तिलाच विचारा."

काका पट्टीवरून हात फिरवत विचारात पडले. असा कौल त्यांनी ऐकला नव्हता. आईने तोपर्यंत स्टोव्ह पेटवलासुद्धा होता. दारात मावशी हजर झाल्या, हातात रिकामी वाटी घेऊन.

सोमवारी मी नोकरीवर गेले, आणि सांगते, साफ चुकलं. आयुष्यात इतकी कंटाळले नव्हते मी कधी. आलेली पत्रं आवक बारनिशीत लिहा, गेलेली जावक बारनिशीत, दिवसभर शिक्के मारा. तिकडे माझ्या मैत्रिणी बी.एड. होऊन झकास मास्तरणी झाल्या. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी घरी आले, चपला कोपऱ्यात भिरकावल्या आणि आरडाओरडा सुरू केला. काय अक्कल होती मला! कोणी सांगितलं होतं? चांगली मिळालेली जागा घालवली! मूर्ख, मूर्ख, मूर्ख!

आई म्हणाली, "अगं, लोक ऐकतील."

बाबा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असे बघत बसले, जसं जत्रेत पोरं दुसऱ्याच्या हातातल्या खेळण्याकडे बघतात. "बोलू दे तिला," ते आईला म्हणाले. मग मला म्हणाले, "अजून जोरात ओरड."