रॉयची उशी

चांगुलपणा अंगाशी येतो म्हणजे किती येतो, ते माझ्याकडून ऐका. चहा घ्या आधी, कारण यात हसायचं की नाही ते मलाही अजून कळलेलं नाही.

चौऱ्याऐंशीची गोष्ट असेल. आम्ही परदेशात, श्रूजबरी गावात नवीन. शेजारी मार्था आणि रॉय, दोघं कॅनडाचे आर्टिस्ट. नवरा-बायको मिळून अख्ख्या खोल्या रचायचे आणि लोक म्यूझियममध्ये त्या बघायला जायचे! आमच्या ह्यांना ते कधीच पटलं नाही. खोलीत राहायचं असतं, बघायचं काय, म्हणायचे.

त्या मार्चमध्ये रॉय गेला. आता आपल्याकडे अशा घरी चूल पेटत नाही, शेजारीच पिठलं-भात पोचवतात. मीही डबा घेऊन गेले. मार्था घरात नव्हती, पण गराजचं दार उघडं होतं. आत बघते तर काय! पलंगावर चुरगळलेलं पांघरूण, अर्धवट कॉफीचा मग, जिकडे तिकडे धूळ. मला भरून आलं. म्हटलं, बिचारीला आवरायचंही त्राण उरलेलं नाही. मग काय, बाह्या सरसावल्या. कॉफीचा मग घासला, धूळ पुसली, चादर ताणून घातली, पांघरुणाची घडी केली, उशी झटकून छान फुगवली. स्वतःवर इतकी खूश होते म्हणून सांगू!

मार्था आली आणि दारातच थांबली. ओरडली असती तर बरं झालं असतं हो.

"तिथे रॉय झोपला होता, सुधा," ती म्हणाली. "ते आमचं शेवटचं काम होतं."

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी रॉय मुद्दाम त्या पलंगावर पडला होता. उशीत त्याच्या डोक्याचा खड्डा, चादरीवर त्याच्या अंगाने पडलेल्या सुरकुत्या. मार्थाने सगळं जसंच्या तसं जपलं होतं. शनिवारी म्यूझियमची माणसं बघायला येणार होती. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

सॉरी किती वेळा म्हणाले, देव जाणे. शेवटी तीच म्हणाली, जरा पडून बघ तिथे, तसाच खड्डा पडतो का. पडले. रॉय सव्वासहा फूट, मी जेमतेम पाच. माझे पाय पलंग संपायच्या कितीतरी आधी संपले! मार्था बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि माझ्याही.

"नो," ती म्हणाली. "ऊठ, सुधा."

उठले. आणि काय सांगू तुम्हाला, उठता उठता माझ्या या मेल्या हातांनी चादर पुन्हा सारखी केली.