गेल्यावर मिळालेला हुद्दा

काझी सर गेल्याचा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर आला तेव्हा मी वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि त्या रांगेतच सेल्सच्या साहेबांनी विचारलं, "सोमवारचा रिव्ह्यू आता कोण घेणार?" त्याखालीही कुणीतरी हात जोडले. उतरावंसं वाटलं, पण... उतरून जाणार कुठं?

सर आमच्या कारखान्याचे प्रोजेक्ट मॅनेजर. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. तिथली प्रत्येक नवी प्रॉडक्शन लाइन त्यांनी उभी केलेली. गाव पाचोड, बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा सुरुवातीला तोंडच उघडत नव्हते. "ए कॉन्व्हेंट," ते म्हणाले, "मराठीत बोल, इंग्रजीत बोल, नाय तर भांड. पण बोल. गप्प माणसाच्या माथी लोक काहीही मारतात."

वरच्या मजल्यावर संचालकांची बैठक व्हायची. ग्राहकाला तारीख देऊन झाली, की सरांना आत बोलावणं यायचं. टेबलाशी नाही, भिंतीकडच्या खुर्चीवर. शेजारी मी, लॅपटॉप घेऊन. एकदा पत्रा दाबणारी नवी प्रेस सुरू करायची तारीख अशीच देऊन टाकलेली. तिचा पाया नुकताच भरला होता. काँक्रीट पक्कं व्हायला वेळ लागेल, असं सर म्हणाले, तर सेल्सचे साहेब हसले. "काझी, तुझं नेहमी नाहीच असतं."

"मी नाय साहेब, काँक्रीट नाही म्हणतंय. त्याला तुमची बैठक कळत नाय."

सगळे हसले. तारीख तीच राहिली. घाईत बसवलेली प्रेस हलायला लागली, पाया पुन्हा फोडावा लागला आणि उशिराचा जाब सरांकडे मागितला गेला.

जाब मागितला त्याच बैठकीत सरांनी चेअरमनसाहेबांना सरळ विचारलं, "तारीख ठरते तेव्हा मला टेबलाशी बसवा. संचालकाचा हुद्दा असला तर माझा नकार कुणी हसून उडवणार नाय."

"प्रोजेक्ट संपतो रे," चेअरमनसाहेब म्हणाले. "मग तुला वर बसवून करू काय?"

सर बाहेर आले. "चल, चाय पिऊ. मोठ्या लोकांचं ऐकून लई घसा सुकला."

मी चेअरमनसाहेबांच्या त्या उत्तराचा पुष्कळ विचार केला. नुसता हुद्दा वाढवून काम होत नाही, हे मलाही दिसतं. वरच्या मजल्यावर हुद्दे कमी नाहीत. पण एक लाइन उभी राहिली की दुसरीची आखणी सुरू होतेच. विकणाऱ्याला टेबलाशी जागा, हिशेब बघणाऱ्याला जागा, आणि उभं करणाऱ्याला सगळं ठरल्यावर हाक. ही चूक नव्हे, सोय आहे. खापर फोडायला कुणीतरी खाली लागतो, म्हणून त्याला खालीच ठेवायचं. किळस येते ती याची...

काही दिवसांनी कंपनीने वर्तमानपत्रात पाव पान श्रद्धांजली दिली. लाइनच्या उद्घाटनातला सरांचा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'आमचे प्रोजेक्ट डायरेक्टर'. एचआरमधल्या मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, चेअरमनसाहेबांनीच सांगितलं. पाव पानावर मॅनेजर बरं दिसत नाही."

अंक सरांच्या घरी पोचवायचं काम माझ्याकडं आलं. चिकलठाण्याला सरांच्या पत्नीनं, भाभींनी, दार उघडलं, चष्मा लावला, वाचलं.

"ये डायरेक्टर कब बने?"

"गेल्यावर," मी म्हणाले.

भाभींनी चष्मा काढला. म्हणाल्या, "इनके यहाँ तरक्की को मरना पडता क्या?"

पण त्या फोटोत सर मनापासून हसत होते, आणि तसा फोटो घरात नव्हता. भाभींनी कात्री आणली. खांद्यावर चेअरमनसाहेबांचा हात होता, तो वगळून त्यांनी हळूहळू सरांभोवती कात्री फिरवली. आता तो चेहरा आरशाच्या कोपऱ्यात खोचलेला आहे. उरलेलं पान, हुद्द्यासकट, त्यांनी दाराशी चपलांच्या फळीवर अंथरलं, आणि मला म्हणाल्या, "बैठ बेटा. चाय रखती."