टायर विकणारे, पेट्रोल वाचवणारे वसंतराव

वसंतराव घरत यांची आणि माझी ओळख माझ्या टुरिस्ट गाडीमुळे झाली. गाडी फार पेट्रोल पिऊ लागली होती. इंजिन खोलायचे ठरवून मी पनवेलच्या हमरस्त्यावरील एका गॅरेजात उभा होतो. शेजारच्या टायरच्या दुकानातून वसंतराव सहज बाहेर आले, पुढच्या टायरवर त्यांनी तळवा फिरवला आणि म्हणाले, "कडा खाल्ल्यात. हवा कमी आहे, चाकंही सरळ नाहीत. आधी एवढं करून बघा. इंजिन कुठं पळून जात नाही." चाके सरळ केली, हवा भरली आणि गाडी पुन्हा पूर्वीइतके कमी पेट्रोल घेऊ लागली.

पुढे गाडीवाल्यांच्या संघटनेत आम्ही एकत्र काम केले. तेव्हा आपल्याकडे रेडियल हे नव्या बांधणीचे टायर नुकते दिसू लागले होते. झिजलेल्या जुन्या टायरांवर नवे रबर चढवण्याचा वसंतरावांचा स्वतःचा कारखाना होता. तरीही बैठकीत ते स्वच्छ सांगत, "रेडियल महाग पडतो, पण हलका फिरतो. लांबच्या भाड्याला तोच घ्या." कारखान्यातले काम घटत गेले, त्यांचा सल्ला बदलला नाही.

आमच्यातले बळीराम न्हावा शेवा बंदरातल्या एका साहेबांची ने-आण करीत. त्यांचे टायर झिजून पार गोटा झाले होते. वसंतरावांनी टोकताच ते म्हणाले, "झिजला टायर हलका धावतो. पेट्रोल कमी लागतं. आमी बदलणार नाय."

"खरं आहे, थोडं वाचतं," वसंतराव म्हणाले. "पण ओल्या रस्त्यावर गाडी थांबणार कशी?"

बळीरामांनी नव्या टायरांचा भाव विचारला आणि ते आपल्या गाडीकडे वळले. नवे टायर त्यांना परवडत नाहीत, हे वसंतरावांनी ओळखले. दुकानातला माल उधारीवर आणलेला होता, म्हणून त्यांनी त्याच मापाच्या स्वतःच्या गाडीचे चारही टायर उतरवून बळीरामांच्या गाडीला चढवले. आपली गाडी विटांवर ठेवून ते सायकलने दुकानात येऊ लागले.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात बंदराच्या रस्त्यावर बळीरामांसमोर कंटेनरचा ट्रेलर आडवा झाला. मागच्या सीटवर साहेबांची पत्नी आणि मुले होती. गाडी हातभर अंतरावर थांबली. सगळ्यांना घरी पोचवून बळीराम दुकानात आले.

"शेठ, थांबली," एवढेच ते म्हणाले.

वसंतरावांनी त्यांना पाणी दिले, किल्ली मागून घेतली आणि स्वतः गाडी चालवत त्यांना खांदा कॉलनीतल्या घरी सोडले.

आज वसंतराव पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि आम्हा गाडीवाल्यांना त्यांची बोलणी अजून पुष्कळ वर्षे खायला मिळोत.